डोलकाठीला रंग देताना

आमच्या बोटीची डोलकाठी मुळात काळी होती, हे मला बोट घेतल्यावर दोन वर्षांनी कळलं. तोवर मी तिला तपकिरीच समजत होतो. तपकिरी म्हणजे नेमका कुठला, हे सांगणं कठीण. सकाळी ती जांभळट दिसायची, दुपारी चहाच्या गाळासारखी. एकदा तिच्यावरची एक क्लीट बदलायला काढली, तेव्हा खाली तळहातापेक्षा लहान असा काळाकुळकुळीत आयत निघाला. भिंतीवरचं जुनं कॅलेंडर काढल्यावर मागे मूळ रंगाचा चौकोन दिसतो ना, तसा. तेवढ्या जागेला तीस-पस्तीस वर्षांत ऊन लागलं नव्हतं.

बोट म्हणजे काही फार मोठी गोष्ट नव्हती. 1980 च्या दशकातली, चोवीस फुटी, फायबरग्लासची शिडाची बोट. मुंबई बंदरात शीड हाकायला शिकताना ओळख झालेल्या आम्ही चौघांनी मिळून ती घेतली होती. जुनी बोट विकत घेणं एखाद्या बऱ्या मोटरसायकलच्या हप्त्यात बसतं, सांभाळणं मात्र बसत नाही, हे आम्हाला नंतर समजलं. ऑक्टोबर ते मे समुद्रात, पावसाळ्यात उरणजवळच्या एका खाडीत किनाऱ्यावर ओढून ठेवलेली. चार वर्षं अशी गेली. मग एकजण जर्मनीला गेला, एकाला मुलगी झाली, एकीचं काम बंगळुरूला हललं, आणि पुण्याहून एकट्याने दर शनिवारी पहाटे निघायचा माझा उत्साहही संपला. बोट विकायची ठरली.

जुन्या बोटींची खरेदी-विक्री जुळवून देणारे एक गृहस्थ येऊन बघून गेले. म्हणाले, "बोट चांगली आहे, पण दिसते म्हातारी. हे सगळं अ‍ॅल्युमिनियम पुन्हा काळं करून घ्या. गिऱ्हाईक आधी डोळ्यांनी बोट घेतं, मग डोक्याने." डोलकाठी, बूम, हॅचची चौकट, खिडक्यांच्या चौकटी, चार क्लीट, एवढा ऐवज होता. हे काम मी अंगावर घेतलं. इंजिनीअरिंगची पदवी असूनही हातात पाना धरायची वेळ फारशी न आलेल्या माणसाला अशा कामाची हौस असते.

त्या कामात मी जे केलं, त्याबद्दल हे लिहितोय. प्रश्न साधा आहे: जुन्या वस्तूला नवा रंग देणं हे खोटं बोलणं असतं का? असलं, तर कधीपासून?

*

आधी त्या काळ्या रंगाबद्दल, कारण माझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यातच आहे.

अ‍ॅल्युमिनियम उघड्या हवेत आलं की क्षणार्धात त्याच्यावर त्याच्याच ऑक्साइडचा थर चढतो. हा थर काही नॅनोमीटरचा, डोळ्याला न दिसणारा. लोखंडाचा गंज सुटा होऊन पडतो आणि खालचं लोखंड पुन्हा उघडं करतो. अ‍ॅल्युमिनियमचा हा थर मात्र चिकटून बसतो आणि खालच्या धातूला झाकतो. घरातला अ‍ॅल्युमिनियमचा टोप वर्षानुवर्षं टिकतो तो यामुळे. पण समुद्राच्या पाण्यातलं क्लोराइड हा पातळ थर जागोजागी फोडतं. 1886 मध्ये अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू यांनी, एकमेकांशी संबंध नसताना, विजेने अ‍ॅल्युमिनियम काढायची एकच पद्धत शोधली आणि हा धातू स्वस्त झाला. त्याची विमानं बनू लागली, त्यातली काही पाण्यावर उतरू लागली आणि खारं पाणी त्यांना खाऊ लागलं. 1923 मध्ये ब्रिटनमध्ये बेंगफ आणि स्टुअर्ट यांची पद्धत आली: धातूला क्रोमिक आम्लात बुडवून त्यातून वीज सोडायची आणि जो थर तो आपणहून धरतो, तोच जाड करून घ्यायचा. हे अ‍ॅनोडायझिंग. म्हणजे ही विद्या जन्मलीच मुळी समुद्राच्या भीतीतून. चार वर्षांनी सल्फ्युरिक आम्लाची पद्धत आली, आणि आज बहुतेक कारखान्यांत तीच चालते.

यातली गंमत अशी की हा थर बाहेरून आणून लावलेला नसतो. धातूचाच पृष्ठभाग ऑक्साइड होत जातो, काही आत, काही बाहेर. रसायन म्हणाल तर माणिक आणि नीलम ज्याचे असतात तेच, अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड. म्हणून तो कठीण असतो. जाडी दहा ते पंचवीस मायक्रॉन, आणि त्यात अतिसूक्ष्म उभी छिद्रं. या छिद्रांत रंग शिरवतात आणि मग वस्तू उकळत्या पाण्यात ठेवतात. थर पाणी धरून फुगतो, छिद्रांची तोंडं मिटतात, रंग आत कोंडला जातो.

आमच्या डोलकाठीचा रंग उडाला तो उन्हाने. छिद्रांतला रंग सेंद्रिय होता आणि अतिनील किरणांनी त्याचे रेणू तुटत गेले. काळ्याचा जांभळट तपकिरी झाला. पण छिद्रं ज्या थरात होती तो थर बहुतेक जागी शाबूत होता. म्हणजे म्हातारी दिसणारी आमची डोलकाठी, जिथे फक्त रंग उडाला होता तिथे, जवळजवळ नव्याइतकीच ठणठणीत होती. रंग गेला म्हणजे संरक्षण गेलं असं नसतं. हे वाक्य मी तेव्हा मोठ्या खुशीत व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकलं होतं. त्याची दुसरी बाजू माझ्या डोक्यात आली नाही: रंग आहे म्हणजे संरक्षण आहे, असंही नसतं.

*

आपल्याकडे वरच्या थराबद्दल बोलायला दोन जुन्या गोष्टी आहेत.

एक कल्हई. पितळेच्या पातेल्यात आंबट शिजवलं तर ते कळकतं, म्हणून आतून कथलाचा थर द्यायचा. माझ्या आजीच्या गल्लीत कल्हईवाला यायचा, भाता, नवसागराचा पांढरा धूर, कापसाचा बोळा, आणि काळपट भांडं एका फिरवणीत चांदीसारखं. तो थर परका असतो आणि तो झिजतो, हे घरातल्या सगळ्यांना माहीत असतं. झिजला की पुन्हा द्यायचा. कल्हईत फसवणूक नाही, कारण तिच्यात गुपित नाही.

दुसरा मुलामा. पितळेवर सोन्याचं पाणी. तोही परका थरच, पण त्याचं कामच मुळी खाली काय आहे हे कळू न देणं. तो झिजला की 'पितळ उघडं पडतं', आणि हा वाक्प्रचार आपण भांड्यांबद्दल नाही, माणसांबद्दल वापरतो.

अ‍ॅनोडायझिंग या दोन्हींत बसत नाही. खाली आणि वर एकच धातू. उघडं पडायला पितळ नाहीच. मला ही कल्पना इतकी आवडली की मी लहान भागांना साधा रंग न देता ते पुन्हा अ‍ॅनोडाइझ करून घ्यायचे ठरवले. भोसरी एमआयडीसीत जॉबवर्क करणारा एक कारखाना सापडला. मालक साठीचे, हातावर आम्लाचे जुने डाग. मी हॅचची चौकट, खिडक्यांच्या चौकटी आणि क्लीट त्यांच्या टेबलावर मांडले.

त्यांनी एकेक वस्तू उचलून पाहिली. "आधी हे सगळं कॉस्टिकमध्ये जाणार," ते म्हणाले. "जुना थर निघणार. त्याच्यासोबत थोडं मेटलपण जाणार, आटे असतील तिथे ढिलं होणार. त्याला इलाज नाही. वरच्यावर थोडं काळं करून द्या म्हणाल, तर ते होत नाही. आणि स्टीलचे सगळे स्क्रू काढून आणा. एक जरी आत राहिला तरी माझ्या टाकीत गोंधळ होतो."

मग त्यांनी क्लीट वेगळ्या काढल्या. "हे ओतीव काम आहे. यात सिलिकॉन जास्त. याला असा काळा येणार नाही, राखाडी चट्टे पडतील. नंतर बोलू नका."

आणि शेवटी हॅचच्या चौकटीचा एक कोपरा बोटाने घासत म्हणाले, "साहेब, अजून एक सांगून ठेवतो. हे पावडर कोटिंग नाही. ओरखडे, खड्डे जे काही असतील ते दिसणार. उलट जास्तच दिसतील. लपवायचं असेल तर रंग द्या, माझ्याकडे येऊ नका."

आठ दिवसांनी माल आणायला गेलो. चौकटी काळ्या, खोल, शाईसारख्या झाल्या होत्या. आणि त्या एका कोपऱ्यात, जिथे आधी नुसती पांढरट भुकटी दिसायची, तिथे मुंग्यांनी टोकरल्यासारखे वीस-पंचवीस खड्डे स्पष्ट दिसत होते. कॉस्टिकने त्यांच्यावरची राख धुऊन काढली होती, आणि नव्या थराने त्यांना जसंच्या तसं काळं केलं होतं. क्लीटवर राखाडी चट्टे होते. त्यांनी सांगितलं होतं तस्संच.

मी थोडा खट्टू झालो. पैसे देऊन चौकट आधीपेक्षा जास्त खरी करून आणली होती.

*

डोलकाठीचं तसं करता येणार नव्हतं. ती नऊ मीटर लांब, त्यांची टाकी तीन मीटरची. तिला रंगच द्यायचा होता. बोट किनाऱ्यावर होती, डोलकाठी उतरवून लाकडी घोड्यांवर आडवी ठेवलेली. पावसाळा संपत आला होता. तिथे बोटींची राखण करणारे एक वयस्कर कोळी गृहस्थ आहेत, त्यांना सगळे नाखवा म्हणतात. ते येऊन बसायचे आणि मी काय करतोय ते बघायचे.

अ‍ॅल्युमिनियमला रंग देणं म्हणजे घाईचं काम. पृष्ठभाग घासून उघडा केला की लगेच हवेतला थर पुन्हा चढू लागतो, त्यामुळे घासलं की पुसायचं, पुसलं की त्याच दिवशी प्रायमर. त्याआधी डोलकाठीवरचं सगळं स्टील काढायचं. स्टेनलेस स्टील आणि अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना टेकलेले आणि वर खारं पाणी, म्हणजे बॅटरीच तयार होते, आणि त्या बॅटरीत झिजतं ते अ‍ॅल्युमिनियम. म्हणून दोन्हींच्या मध्ये प्लास्टिकचा वॉशर किंवा खास पेस्ट घालतात. आमच्या बोटीवर आधीच्या कोणी तरी ती घातली नव्हती.

डोलकाठीच्या मध्यावर दोन्ही बाजूंना आडवे हात असतात, त्यांना स्प्रेडर म्हणतात. डोलकाठी वाऱ्याने वाकू नये म्हणून ज्या तारा ताणलेल्या असतात, त्या या हातांच्या टोकांवरून खाली येतात. डाव्या स्प्रेडरचा स्टीलचा कंस काढला तेव्हा खालून चमचाभर पांढरी भुकटी पडली. मी स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने टोकरलं, टोक रुतलं. साफ केल्यावर दिसलं की दोन भोकांच्या मध्ये धातू खाल्ला गेला होता. डोलकाठीच्या भिंतीची जाडी बाकी ठिकाणी तीन मिलिमीटर भरत होती, इथे जेमतेम एक.

मी फोटो काढला. तो अजून माझ्याकडे आहे.

मग दोन भागांची मेटल पुट्टी कालवली, खड्डे भरले, रात्रभर सुकू दिली, सकाळी आधी जाड आणि मग बारीक कागदाने घासलं, प्रायमर दिलं, पुन्हा घासलं, आणि काळ्या रंगाचे तीन हात दिले. आयुष्यात इतकं नीट काम मी क्वचित केलं असेल. कंस नव्या बोल्टांनी, या वेळी वॉशर आणि पेस्ट घालून, परत बसवला. मी स्वतःला सांगत होतो की जे आधीच्यांनी केलं नाही ते मी करतोय, म्हणजे ही दुरुस्तीच आहे. पण भाराच्या जागी पुट्टी काही कामाची नसते, हे मला माहीत होतं. ती जागा भरते, जोर घेत नाही.

तिसऱ्या दिवशी नाखवा उठून जवळ आले, डोलकाठीवरून हात फिरवत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले आणि म्हणाले, "कुठे होतं रे ते?" मी दाखवायला गेलो. माझी बोटं दोन-तीन वेळा कंसाभोवती फिरली. मलाही नेमकी जागा सापडेना. ते हसले. "चांगला रंग दिलायस," म्हणाले आणि जाऊन बसले.

त्या रात्री मी ग्रुपवर दोन फोटो टाकले, आधीचा आणि नंतरचा. मधला टाकला नाही.

*

डोलकाठी उभी राहिली की स्प्रेडर पाच मीटर उंचीवर जातात. ठाण्याचं एक जोडपं बोट बघायला आलं. दोघं माझ्याच वयाची. ती नुकतीच शीड शिकलेली, त्याला पाण्याची थोडी भीती. दोघांनी सगळं उघडून, आत डोकावून पाहिलं. हॅचच्या कोपऱ्यातले खड्डे तिला लगेच दिसले, तिने विचारलं, मी सांगितलं. मग तिने डोलकाठीवर तळहात ठेवला आणि विचारलं, "ही नवीन टाकलीय का?"

मी म्हणालो, "नाही, रंग दिलाय."

शंभर टक्के खरं वाक्य. ती "मस्त झालाय" म्हणाली. साडेचार लाखांना सौदा ठरला, पन्नास हजार आगाऊ मिळाले.

घरी येताना बसमध्ये मी ते वाक्य परत परत म्हणून पाहत होतो. त्यात एकही शब्द खोटा नव्हता. आणि तरी ते वाक्य तिने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. तिला रंगाबद्दल जाणून घ्यायचं नव्हतं. त्या काठीखाली बसायचं की नाही, हे तिला विचारायचं होतं.

*

हा प्रश्न माझ्याआधी बऱ्याच लोकांना पडला होता, हे शोधल्यावर कळलं. आपल्याच करार कायद्यात, 1872 सालच्या, सतराव्या कलमात फसवणुकीची व्याख्या आहे, आणि तिच्याखाली घोड्याची उदाहरणं आहेत. एकजण लिलावात घोडा विकतो. घोडा धड नाही हे त्याला माहीत आहे, तो काही बोलत नाही. कायदा म्हणतो, ही फसवणूक नव्हे. नुसतं गप्प राहणं गुन्हा नाही. दुसऱ्या उदाहरणात घोडा घेणारी विकणाऱ्याचीच मुलगी असते, नुकतीच सज्ञान झालेली. आता सांगणं त्याचं कर्तव्य ठरतं. तिसऱ्यात घेणारा म्हणतो, तू नाकारलं नाहीस तर मी घोडा धड समजेन, आणि विकणारा गप्प बसतो. इथे ते गप्प बसणं बोलण्यासारखंच आहे.

दीडशे वर्षांपूर्वी कायदा लिहिणाऱ्यांनी बाजारात चालणारं मौन आणि घरात न चालणारं मौन असं वेगळं केलं, हे मला पटलं आणि खुपलंही. मुलीला सांगायचं आणि परक्याला नाही, तर मग घोड्याच्या पायाचं दुखणं परक्याला कमी लागतं का?

पण माझी अडचण वेगळीच होती. त्याच कलमात आणखी एक गोष्ट फसवणूक म्हणून दिली आहे: माहीत असलेली गोष्ट कृती करून झाकणं. घोडेवाला नुसता गप्प होता. मी पुट्टी लावली होती.

याच्याही फार आधी, इसवी सनपूर्व 44 मध्ये, सिसेरोने आपल्या मुलाला उद्देशून कर्तव्यांवर एक पुस्तक लिहिलं, त्यात दोन तत्त्ववेत्त्यांचा वाद येतो. बॅबिलोनचा डायोजिनीस आणि त्याचा शिष्य अँटिपेटर. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ आहे, एक व्यापारी अलेक्झांड्रियाहून धान्य घेऊन पोचलाय, आणि मागून आणखी जहाजं येताहेत हे फक्त त्याला ठाऊक आहे. त्याने सांगावं का? सांगितलं तर भाव पडणार. गुरू म्हणतो, कायदा सांगतो तेवढे दोष सांगावेत, खोटं बोलू नये, बाकी आपला माल चांगल्या भावाने विकावा. लपवणं वेगळं आणि गप्प राहणं वेगळं. शिष्य म्हणतो, माणूस माणसांच्या भल्यासाठी आहे, तर त्यांच्या गरजेची गोष्ट त्यांच्यापासून दडवणं तुला जमतं कसं?

सिसेरो शिष्याच्या बाजूने झुकतो, पण मला त्याहून कामाची वाटली ती त्याने केलेली फोड. प्रत्येक मौन म्हणजे लपवणं नव्हे, असं तो म्हणतो. आपल्या फायद्यासाठी, ज्याला ती गोष्ट कळण्यात हित आहे त्यालाच ती कळू नये अशी इच्छा धरणं, हे लपवणं.

त्याच पुस्तकात सिरॅक्यूजच्या एका सावकाराची गोष्ट आहे. त्याला समुद्राकाठची बाग रोमहून आलेल्या एकाला विकायची असते. तो त्याला जेवायला बोलावतो आणि गावातल्या कोळ्यांना सांगून ठेवतो की उद्या सगळ्या होड्या माझ्या बागेसमोर आणा. पाहुणा बघतो तर समोर होड्याच होड्या, ताज्या मासळीचे ढीग. हवा तो भाव देऊन बाग घेतो. दुसऱ्या दिवशी एकही होडी नाही. शेजाऱ्याला विचारतो, आज कोळ्यांचा सण आहे का? शेजारी म्हणतो, इथे कोणी कधी मासे धरत नाही, मलाच काल आश्चर्य वाटलं. पाहुण्याने डोळ्यांनी जे पाहिलं त्यात तरी खोटं काय होतं? होड्या खऱ्या होत्या, मासळी खरी होती.

माझा काळा रंगही खरा होता.

*

सकाळी मी ठाण्याला फोन केला आणि मधला फोटो पाठवला. मग आमच्या ग्रुपवर.

इथे गोष्ट संपली असती तर ती माझ्या प्रामाणिकपणाची गोष्ट झाली असती. तशी ती नाही. त्या दोघांनी माणूस आणून डोलकाठी पुन्हा उतरवून पाहिली, दुरुस्तीचा खर्च काढला, आणि सौदा साडेचारवरून तीन लाख सत्तर हजारांवर आला. माणशी वीस हजार कमी. जर्मनीतला मित्र म्हणाला, "त्यांना तपासून घ्यायला कोणी अडवलं होतं?" हे बरोबर डायोजिनीसचं म्हणणं, त्याला नाव माहीत नसेल. बंगळुरूच्या मैत्रिणीने काहीच लिहिलं नाही. तिच्या आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख ठरली होती आणि बोटीचे पैसे तिने त्यात धरले होते, हे मला माहीत होतं. रात्री तिचा फोन आला. ती म्हणाली, "सांगितलंस ते ठीकच केलंस. मीही सांगितलं असतं. पण फोन करायच्या आधी तू आम्हाला विचारायला हवं होतंस."

माझ्याकडे तयार उत्तर होतं: एखाद्याच्या डोक्यावर डोलकाठी पडू शकते हे सांगायचं की नाही, यावर मतदान होत नसतं. हे उत्तर मला अजूनही बरोबर वाटतं. पण तिला ते देता आलं नाही, कारण तिचा मुद्दा तो नव्हता. मधला फोटो मी तीन आठवडे दाबून ठेवला होता. खरेदी करणाऱ्यांपासून लपवायच्या कितीतरी आधी मी तो माझ्या भागीदारांपासून लपवला होता. तेव्हाच दाखवला असता तर चौघांनी मिळून ठरवलं असतं, आधी दुरुस्ती करायची की कमी किमतीला विकायची, आणि तिने आईच्या ऑपरेशनचा हिशेब त्याप्रमाणे केला असता. मी आधी सगळ्यांच्या वतीने लपवलं आणि मग सगळ्यांच्या वतीने खरं बोललो. माझं मन हलकं झालं, त्याचा तीन चतुर्थांश खर्च दुसऱ्यांनी भरला.

मी तिला माझ्या वाट्यातले वीस हजार देऊ केले. तिने दहा घेतले. दहाच का, हे तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

*

तेव्हापासून मी रंगाबद्दल जरा जास्तच विचार करतो. सगळं उघडं ठेवावं, काही रंगवूच नये, असं मला वाटत नाही. तसं म्हणणारा माणूस कोणाच्याही घरी जेवायला बोलावण्यालायक नसतो. आजी केसांना कलप लावायची, त्याने कोणाचं काय गेलं? आपण फोटोला फिल्टर लावतो, बायोडेटात वाक्यं घासूनपुसून घेतो, पाहुणे यायच्या आधी पसारा एका खोलीत ढकलून दार लावतो. यातलं बहुतेक सगळं कल्हईच्या जातीचं आहे. समोरच्यालाही ते माहीत असतं, कारण तोही घरी तेच करतो.

जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा उरणच्या त्या खाडीत कोळ्यांच्या होड्या रांगेने ओढून ठेवलेल्या असतात. नारळी पौर्णिमेच्या आत त्यांना रंग लागतो, निळा, केशरी, हिरवा, नाव आणि डोळे नव्याने काढलेले. त्यांचं वयही त्या रंगाखाली झाकलं जातं. पण रंग लावायच्या आधी नाखवा फळीफळीवर ठोकून आवाज ऐकतो, कारण ऑगस्टमध्ये त्या होडीत तो स्वतः किंवा त्याचा मुलगा बसणार असतो. रंग लावणारा आणि रंगावर विसंबणारा एकच. तिथे रंग हा नुसता आनंद असतो.

मी रंग लावला तेव्हा मी त्या बोटीत बसणार नव्हतो. सगळा फरक तिथे पडला. वस्तू तीच, पुट्टी तीच, ब्रश तोच. मी ती स्वतःकडेच ठेवणार असतो तर पुट्टी लावून झोपू शकलो नसतो, दुरुस्ती करूनच घेतली असती. म्हणून आता काही झाकताना मी स्वतःला दोन गोष्टी विचारतो. याच्यावर कोणी भार टाकणार आहे का? आणि त्याला हे माहीत आहे का? पहिल्याचं उत्तर नाही असेल, तर खुशाल रंगवावं. हो असेल, तर रंगवायच्या आधी सांगावं. रंगवल्यानंतर सांगणं शक्य असतं, पण महाग पडतं, आणि ते बिल नेहमी आपल्याच नावावर येतं असं नाही.

माझ्या रोजच्या कामात याच्यासाठी एक कंटाळवाणी सोय आहे. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती देताना सोबत माहीत असलेल्या दोषांची यादी जोडतात. आम्ही ती नाइलाजाने लिहितो, शेवटच्या दिवशी, शक्य तितक्या गुळगुळीत शब्दांत. हल्ली ती यादी मी लिहायला मागतो. टीममध्ये कोणाला हे फार विचित्र वाटत नाही. नकोसं काम कोणी तरी घेतलं याचाच त्यांना आनंद.

भोसरीच्या त्या मालकांचं एक वाक्य मला कामावर अधूनमधून आठवतं: लपवायचं असेल तर माझ्याकडे येऊ नका. ते काही नीती शिकवत नव्हते, आपल्या टाकीत काय होतं आणि काय होत नाही एवढंच सांगत होते. पण डोलकाठीही त्यांच्या टाकीत मावली असती, तर मला हा निबंध लिहावा लागला नसता.

मागच्या महिन्यात ठाण्याहून फोटो आला. त्यांनी डोलकाठीच्या आत नवी अ‍ॅल्युमिनियमची नळी सरकवून ती जागा रिव्हेटांनी पक्की करून घेतली आहे. त्यासाठी माझा रंग हातभर खरवडून काढावा लागला. फोटोत काळ्या डोलकाठीच्या मधोमध उघड्या, चंदेरी धातूचा पट्टा दिसतो, त्यावर रिव्हेटांच्या दोन रांगा. मी विचारलं, यावर रंग कधी देणार? तिने लिहिलं, "तेवढा भाग तसाच ठेवतोय. खालून बघितलं की लगेच दिसतो."